मॉडेलची चौकोनी खिडकी आणि तिचे चार कोपरे : थोडी पार्श्वभूमी

मिरजेला 1927 साली बार्शी लाईट रेल्वे येऊन पोचली, अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे 762 मिलिमीटर. आता ती सगळी लाईन ब्रॉडगेज झालीय, त्यामुळे तिचे डबे आपल्या टेबलावर हवे असतील तर मॉडेलच करावं लागतं. 1:87 स्केल, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, घेतलं की रुळांमधलं अंतर पावणेनऊ मिलिमीटर येतं आणि बाजारात मिळणारा मॉडेल रेल्वेचा 9 मिलिमीटरचा एन गेज ट्रॅक जवळजवळ फिट बसतो, इथपर्यंत सोपंय. अडतं ते खिडक्यांपाशी. दीड फुटाची खिडकी धरली तर प्लास्टिकमध्ये सव्वापाच मिलिमीटरचं चौकोनी भोक, आणि तसली भोकं दोन्ही बाजूंना ओळीने, त्यातलं एक जरी तिरकं गेलं तरी नजर आधी तिथेच जाते.

चौकोनी भोक हा इंजिनिअरिंगमधला जुनाच प्रश्न आहे, कारण फिरणारं हत्यार गोलच भोक पाडणार. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो, जर्मन इंजिनिअर फ्रान्झ रॉयलो याच्या नावाने ओळखला जातो, तो चौकटीत फिरवला की चौकोनाचा 98.77 टक्के भाग झाडून काढतो, आणि याच तत्त्वावर हॅरी वॉट्सने 1914 मध्ये चौकोनी भोक पाडणारं ड्रिल काढलं. पण राहिलेला सव्वा टक्का नेमका चार कोपऱ्यांत असतो. मॉडेलवाल्याचं सगळं भांडण त्या सव्वा टक्क्याशीच आहे असं मला वाटतं, बाकीचा चौकोन कुणालाही कापता येतो.

प्लास्टिक यायच्या आधी पुठ्ठा आणि लाकूड होतं, तिथे धारदार पातं असलं की भागायचं. आपल्याकडे मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांनी तंबोऱ्याच्या नक्षीसाठी सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक फार सफाईने वापरलंय, पण ते पटकन पेट घेतं. 1936 मध्ये इंग्लंडात फ्रॉग कंपनीने पेंग्विन नावाने विमानांचे किट काढले, ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे, आणि हे अ‍ॅसिटेट वर्षांनुवर्षांत वाकडं होतं, मग खिडक्या कितीही सरळ असल्या तरी काय उपयोग. खरा बदल पॉलिस्टायरीन या प्लास्टिकने केला. एअरफिक्सने 1952 मध्ये गोल्डन हिंड जहाजाचा किट वुलवर्थच्या दुकानांतून स्वस्तात विकायला सुरुवात केली आणि पॉलिस्टायरीनचे किट घरोघरी गेले. साच्यातून येणाऱ्या या भिंतीत खिडकी कापावीच लागत नाही, साच्याचे दोन पोलादी भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे प्लास्टिक जात नाही आणि खिडकी आपोआप मोकळी राहते, फार तर कडेला फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, येतो तो ब्लेडने खरवडायचा.

पण बार्शी लाईटच्या डब्याचा साचा कोण बनवणार? म्हणून शीट घेऊन स्वतः कापणारे लोक आले आणि त्यांनी जी पद्धत बसवली ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. मॉडेलिंगची शीट ही रबर मिसळलेलं पॉलिस्टायरीन असते, तिच्यावर ब्लेडने रेघ ओढायची आणि वाकवली की ती रेघेवर सरळ तुटते. मग खिडकी कापायचीच कशाला? भिंतीच्या आडव्या पट्ट्या करायच्या, खिडक्यांच्या वरची, खालची आणि मधली, मधल्या पट्टीचे छोटे तुकडे पाडायचे, आणि सॉल्व्हंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून चिकटवणारा द्रव, लावून सगळं परत जोडताना तुकड्यांच्या मध्ये जागा सोडायची. ती सोडलेली जागा म्हणजे खिडकी. कोपरा काटकोनातच येतो कारण तो कापलेला नसतोच, दोन सरळ कडा तिथे भेटलेल्या असतात.

एखादीच खिडकी हवी असेल तर दुसरी रीत आहे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली आरपार कापायची, चारही बाजूंना रेघा ओढायच्या आणि चार त्रिकोण ढकलून मोडायचे. किंवा मधे ड्रिल करून चौकोनी कानशीने वाढवत न्यायचं, यासाठी सराफ बाजारात सोनारांची हत्यारं मिळतात तिथल्या बारीक कानशी उत्तम. ड्रिल मात्र हळू, पॉलिस्टायरीन 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं, जोरात फिरवलं की वितळून कडेला गोळा होतं. आणि पातं नेहमी कोपऱ्यात टोचून मधल्या दिशेला ओढायचं, उलट गेलात तर रेघ कोपऱ्याच्या बाहेर धावते आणि ती रंगाखालूनही दिसते.

आता लेझर आलाय. बहुतेक कटिंगवाल्यांकडे जो कार्बन डायऑक्साइड लेझर असतो तो 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी शोधला, आणि हे पटेल जन्माने बारामतीचे, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. फलटणहून नीरा ओलांडली की बारामती, म्हणजे हा शोध लावणारा माणूस आपल्या शेजारचाच, याचं मला खरंच फार कौतुक वाटतं आणि सातारा-सांगलीत हे जास्त लोकांना माहीत असायला हवं. हा लेझर अ‍ॅक्रिलिक अगदी स्वच्छ कापतो, कोपऱ्यासकट. पॉलिस्टायरीन मात्र वितळतं आणि काळं पडतं. सनबोर्ड तर चालतच नाही, तो पीव्हीसीचा फोम, जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाला घातक आणि मशीनलाही गंज, म्हणून कटिंगवाला नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. सनबोर्ड राउटरवर, म्हणजे फिरत्या बिटाने कापणाऱ्या मशीनवर, कापता येतो पण 1 मिलिमीटरचा बिट आतल्या कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची गोलाई सोडतोच, 1:87 ला ती खऱ्यातली 43.5 मिलिमीटर.

जाडीचंही बघावं लागतं. 1 मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक या स्केलला 87 मिलिमीटर जाडीची भिंत होते, स्टेशनच्या इमारतीला ते शोभतं, डब्याच्या बाजूला अजिबात नाही. म्हणून मिरजेचं स्टेशन करायचं तर खुशाल लेझरवर द्या, डब्यांसाठी मात्र अर्ध्या मिलिमीटरची शीट, पट्ट्यांची रीत आणि कानस.