कार्ड वेगवान, पण गव्हाण केवढी?

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून पक्षी टिपायला गेलं, की अनेकांच्या वाट्याला हा क्षण येतो. रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यावर धावत उडू लागतो, आपण बटण दाबून धरलेलं असतं, कॅमेरा खटाखट फोटो घेत असतो. आणि नेमके गुलाबी पंख पूर्ण उघडतात तेव्हा कॅमेरा अडखळतो. एक फोटो, मग विराम, मग आणखी एक. किनाऱ्यावर आल्यावर कुणीतरी सांगतं, "फास्ट मेमरी कार्ड घ्या." हा सल्ला कधी बरोबर असतो आणि कधी पैसे पाण्यात घालवतो, हे कळायला कॅमेऱ्याच्या आत काय चालतं ते पाहू.

याच भागातल्या साखर कारखान्याचा तळ डोळ्यांपुढे आणा. ऊस घेऊन गाड्या येतात, तळावर थांबतात, मग एकेक करून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओतायच्या तोंडाशी, रिकाम्या होतात. कॅमेऱ्यात सेन्सरकडून येणारे फोटो म्हणजे उसाच्या गाड्या. तळ म्हणजे बफर, कॅमेऱ्यातली छोटी पण अतिशय वेगवान तात्पुरती मेमरी. कार्ड म्हणजे गाळप करणारा कारखाना. तळावर जागा आहे तोवर गाड्या धडाधड येतात. तळ भरला, की गाळपाच्या वेगानंच पुढची गाडी आत येणार.

आता आकडे घालू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातली एक रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल, साधारण २५ एमबीची धरा. सेकंदाला १० फोटो म्हणजे २५० एमबी. बफरमध्ये ४० फोटो, म्हणजे १००० एमबी मावतात असं समजा. कार्ड सेकंदाला ७० एमबी लिहीत असेल, तर तळावर दर सेकंदाला १८० एमबी साचतात आणि साडेपाच सेकंदांत तो भरतो. २०० एमबीनं लिहिणारं कार्ड असेल, तर हेच व्हायला २० सेकंद लागतात. भरलेला बफर रिकामा व्हायला पहिल्या कार्डाला १४ सेकंद, दुसऱ्याला फक्त पाच. थवा उडून जायला १४ सेकंद पुष्कळ झाले!

पण हाच कॅमेरा जेपेगवर, म्हणजे फोटो दाबून लहान करणाऱ्या फाइलीवर, ठेवला आणि सेकंदाला पाचच फोटो घेतले, तर ८ एमबीच्या फाइलींचे जेमतेम ४० एमबी होतात. ते साध्या कार्डालाही पेलतात. लग्नातले, सहलीतले, घरातले फोटो घेणाऱ्यांना महाग कार्डानं काहीच फरक जाणवणार नाही. फोटोची स्पष्टता, रंग, फोकसचा वेग यांचा तर कार्डाशी संबंधच नाही.

खरी फसगत होते ती कार्डावरच्या मोठ्या आकड्यात. तो बहुतेकदा वाचण्याचा वेग असतो. आपल्याला हवा असतो लिहिण्याचा, आणि तो कमी असतो. याचं कारण फ्लॅश मेमरीच्या स्वभावात आहे. कार्डात वापरतात ती नँड फ्लॅश तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार साठवून माहिती ठेवली जाते. वाचताना कप्प्यात भार किती आहे एवढंच तपासायचं असतं. लिहिताना मात्र जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन पातळ विद्युतरोधक थरातून पलीकडे ढकलावे लागतात, तेही थोडे थोडे, दर वेळी तपासत. शिवाय भरलेल्या कप्प्यावर थेट लिहिता येत नाही. आधी कप्प्यांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. म्हणून कार्ड घेताना मोठ्या आकड्यापेक्षा बारीक खुणा पाहाव्यात. इंग्रजी व्ही अक्षरापुढे ३० असेल, तर सलग लिहिताना वेग सेकंदाला ३० एमबीखाली जाणार नाही अशी ती हमी आहे. तसंच ६० आणि ९०.

व्हिडिओवाल्यांनी बिट आणि बाइट यांची गल्लत टाळावी. कॅमेऱ्यात १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं ते मेगाबिट; आठानं भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे मेगाबाइट. म्हणजे असलं फोर-के चित्रीकरण व्ही३० कार्डावर निर्धास्त करावं. ४०० एमबीपीएसला मात्र ५० एमबी लागतात, तिथे व्ही६० हवंच.

राहिली गव्हाण, म्हणजे कॅमेऱ्यातला कार्डाचा खाचा. कार्ड आणि खाचा यांच्यातल्या जोडणीच्या जाती यूएचएस नावानं ओळखतात. यूएचएस-१ जातीच्या खाच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १०४ एमबी जाऊ शकतात, यूएचएस-२ मधून ३१२. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर संपर्कपट्ट्यांची दुसरी रांग असते. जुन्या खाच्यात ती रांग कशालाच टेकत नाही. कार्ड चालतं, पण जुन्याच वेगानं. कारखाना कितीही मोठा असो, गव्हाण अरुंद तर गाळप तेवढंच. म्हणून कार्डाआधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक उघडा.

घरी संगणकावर फोटो उतरवताना मात्र वेगवान कार्ड कामी येतं, कार्ड रीडर तसाच असेल तर. ६४ जीबी भरलेलं कार्ड सेकंदाला ९० एमबीनं उतरवायला सुमारे १२ मिनिटं, २७० एमबीनं चार. जुन्या यूएसबी २ रीडरवर दोन्ही कार्डांना अर्ध्या तासाच्या आसपास.

तुमच्या कॅमेऱ्याचं उत्तर घरीच काढता येतं. मित्राकडून वेगवान कार्ड आणा. मॅन्युअल मोड, एक हजारांश सेकंदाचा शटर, फोकस बंद, रॉ फाइल. एकाच भिंतीवर कॅमेरा रोखून बटण २० सेकंद दाबून धरा आणि दोन्ही कार्डांवर किती फोटो आले ते मोजा. लाल दिवा विझेपर्यंत किती सेकंद गेले तेही लिहून ठेवा, आणि तो विझेपर्यंत कार्ड काढू नका. दोन्ही आकडे सारखेच आले, तर कार्डाचे पैसे भिगवणच्या पुढच्या फेरीला ठेवा.