हौद्यावरचं घर आणि मागचे पाटे

पिकअपच्या हौद्यात ट्रक कॅम्पर, म्हणजे हौद्यात बसणारं फिरतं घर, चढवला की गाडीचा मागचा भाग बसतो, नाक वर येतं आणि हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी सगळ्यात आधी सुचवल्या जातात त्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर स्प्रिंग. उपाय चुकीचा नाही. पण मागचा भाग बसणं, वळणावर गाडी डुलणं आणि खड्ड्यानंतर ती उसळत राहणं ही तीन निराळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, कधी कधी तर उलटतं.

म्हणून आधी गाडी वजनकाट्यावर न्यावी, तीही कॅम्पर चढवून, पाण्याची टाकी भरून, माणसं बसवून. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलावा. माहितीपत्रकातलं कॅम्परचं वजन बहुतेकदा कोरडं, म्हणजे पाणी-सामानाशिवायचं असतं. १५० लिटरची टाकी भरली की तिथेच १५० किलो वाढले. बॅटऱ्या, गॅस सिलिंडर, सामानसुमान आणखी वेगळं. काट्यावरचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीशी ताडून पाहावा. पूर्ण गाडीची आणि प्रत्येक एक्सलची कमाल मर्यादा तिथे छापलेली असते. मागे कितीही दणकट स्प्रिंग घातली तरी ही मर्यादा एका किलोनेही वाढत नाही, कारण बेअरिंग, ब्रेक, चाकं आणि चासी तीच राहते. मर्यादा ओलांडली असेल तर हलका कॅम्पर घ्यावा किंवा मोठी गाडी. तिसरा मार्ग मला मान्य नाही.

वजन किती, याइतकंच ते कुठे बसलंय हेही पाहावं लागतं. बऱ्याच कॅम्परच्या अंगावर गुरुत्वमध्याची खूण केलेली असते. समजा, दोन एक्सलमधलं अंतर ३.७ मीटर आहे, कॅम्पर १००० किलोचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे आहे. मग साधारण ५४ किलो भार पुढच्या चाकांवर जातो. तोच गुरुत्वमध्य एक्सलच्या २० सेंटिमीटर मागे गेला, तर पुढची चाकं ५४ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या एक्सलवर १०५४ किलो येतात. पुढची पकड कमी होऊन स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. मागून उचलून गाडी सपाट केली, तरी हा हिशेब जवळपास तसाच राहतो.

आता स्प्रिंगकडे वळू. बहुतेक मोठ्या पिकअपना मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. काहींना, उदाहरणार्थ २०१४ पासूनच्या रॅम २५०० ला, कॉइल स्प्रिंग असते. खरेदीआधी आपल्या गाडीखाली काय आहे ते वाकून पाहावं, कारण सुटे भाग त्यावरच ठरतात. स्प्रिंगचं गणित सरळ आहे. दोन्ही बाजूंचे पाटे मिळून एक मिलिमीटर दाबायला १०० न्यूटन लागत असतील, तर १००० किलोचा कॅम्पर मागचा भाग जवळपास १० सेंटिमीटर खाली नेतो. ताठरपणा दीडपट केला तर साडेसहा सेंटिमीटर.

पण पाट्यांच्या थप्पीत एक खोच आहे. अनेक गाड्यांत सर्वांत खालचा जाड, जवळजवळ सपाट पाटा रिकाम्या गाडीत काहीच काम करत नाही. त्याच्या आणि वरच्या पाट्याच्या टोकांमध्ये फट असते, आणि भार वाढून ती मिटली की मगच तो जोर धरतो. रिकामी गाडी मऊ चालावी म्हणून केलेली ही सोय कॅम्परला नडते. वळणावर गाडी कलली की बाहेरच्या बाजूचा जाड पाटा टेकतो, आतल्या बाजूचा सुटतो, आणि मधल्या फटीतून कॅम्पर सहज कलत जातो. ही फट ठोकळ्याने आधीच भरून टाकणारे भाग मिळतात. टॉर्कलिफ्ट कंपनीचे स्टेबललोड त्यातलेच. खर्चाच्या मानाने मिळणारा फरक पाहता, जाड पाटा असलेल्या गाडीसाठी हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

हवेच्या पिशवीचं बळ म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. १५० चौरस सेंटिमीटरच्या पिशवीत ५ बार हवा भरली तर ती ७५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ७६५ किलोंचा भार उचलते. दाब कमीजास्त करून उंची हवी तशी ठेवता येते, आणि डावी बाजू जड असेल तर तीही सावरता येते. मात्र दोन्ही पिशव्यांना एकच नळी जोडली असेल, तर वळणावर दाबली गेलेली बाहेरची पिशवी आपली हवा आतल्या पिशवीत ढकलते आणि गाडी जास्तच कलते. नळ्या वेगळ्याच हव्यात. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही: पिशव्यांनी गाडी उचलली की पाट्यांवरचा भार उतरतो, जाड पाट्याची फट पुन्हा उघडते, आणि सपाट उभी राहिलेली गाडी पूर्वीइतकीच डुलते.

चासीचंही ऐकायला हवं. पाटा आपला भार पुढच्या आणि मागच्या अशा दोन कड्यांतून चासीला देतो. पिशवी एक्सलच्या वर एकाच ठिकाणी रेटते. मागे लोंबणारा भार मोठा असेल तर चासी नेमकी त्या जागी वाकायला लागते, आणि भरपूर हवा भरलेल्या, जड लादलेल्या पिकअपच्या चासी तशा वाकलेल्याही आहेत. टिंब्रेनसारखे पोकळ रबरी ठोकळेही तिथेच रेटतात. त्यांना हवा भरावी लागत नाही आणि गळतीचा प्रश्न येत नाही, पण उंची बदलता येत नाही.

डुलणं थांबवायला स्वे बार लागतो. एक्सलवरचे पाटे चाकांपेक्षा बरेच आत असतात. धावत्या बसमध्ये पाय जुळवून उभं राहिलं तर तोल जातो, फाकवून उभं राहिलं तर टिकतो; पाट्यांचंही तसंच आहे, आणि त्यांची कलण्याविरुद्धची ताकद त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. स्वे बार म्हणजे पिळली जाणारी सळई. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती गप्प राहते, एक वर आणि एक खाली झालं की विरोध करते. तिचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. २५ मिलिमीटरच्या जागी ३० मिलिमीटरची घातली की तो दुप्पट होतो. पण बेताने घ्यावं: फक्त मागेच फार ताठर बार बसवला तर वळणावर मागची चाकं आधी पकड सोडू शकतात.

शॉकॲब्सॉर्बर भार उचलत नाही, उसळी शमवतो. स्प्रिंग ताठर केली, वरचं वजनही वाढलं आणि शॉक मात्र जुनाच ठेवला, तर गाडी खड्ड्यानंतर डोलतच राहते. वस्तुमान आणि ताठरपणा दोन्ही दुप्पट झाले तर शमनही दुप्पट लागतं. कॅम्पर चढतो-उतरतो अशा गाडीला म्हणूनच कमीजास्त करता येणारे शॉक बरे.

या सगळ्याआधी टायर. टायरवर छापलेला १२१ भारांक म्हणजे एका टायरला कमाल १४५० किलो, तेही पूर्ण हवेवर. मऊ बाजूचा किंवा हवा कमी असलेला टायर स्वतःच डुलतो, आणि लोक दोष पाट्यांना देतात.

नवे भाग बसवल्यावर हेडलाइट पुन्हा जुळवावेत आणि थोडं अंतर चालवून पाटे एक्सलला जखडणारे यू-बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या जोराने पुन्हा आवळावेत. कॅम्पर उतरवल्यावर पिशव्यांतली हवा कमी करावी, पण पूर्ण सोडू नये; रिकामी पिशवी घडीत चिमटून फाटते, म्हणून उत्पादकाने दिलेला किमान दाब नेहमी ठेवावा.