अणुवीज प्लांटभोवतीचं वर्तुळ आणि त्याच्या आतली माणसं : थोडी पार्श्वभूमी

अणुवीज प्लांटच्या आसपासच्या गावांसाठी आपत्कालीन प्लॅन हा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते, ज्याच्या आतल्या लोकांना वाचवायची तयारी आधीच करून ठेवायची ते प्लांटभोवतीचं वर्तुळ किती किलोमीटरचं काढायचं. कोणी १० म्हणतं, कोणी १६, कोणी ३०. हे आकडे कुठून आले आणि त्यांच्यावरून एवढी वर्षं भांडणं का चालली आहेत तेवढंच इथे मांडतोय. रेडिएशन म्हणजे काय, थायरॉईड ग्रंथी वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळीचा उपयोग काय, यात जात नाही, ते माहीत आहे असं धरतो. आणि जोर १९७९ नंतरच्या काळावर आहे, कारण त्याआधी प्लॅन म्हणावा असं फारसं काही नव्हतंच.

त्याआधीचा विचार एका वाक्यात सांगायचा तर, प्लांट वस्तीपासून लांब बांधा. १९५० मध्ये अमेरिकेत एक सूत्र होतं, रिअ‍ॅक्टरची उष्णताशक्ती किलोवॅटमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला ०.०१ ने गुणायचं, येतील तेवढे मैल मोकळी जागा ठेवायची. छोट्या रिअ‍ॅक्टरला हे चालून गेलं. पण आजच्या हजार मेगावॅटच्या प्लांटला तेच सूत्र लावलं तर १७ मैलांच्या वर जातं, एवढी मोकळी जमीन शहरांजवळ कोण देणार, म्हणून मग अंतराची जागा हळूहळू काँक्रीट आणि पोलादाच्या घुमटाने घेतली. घुमट टिकणारच असं गृहीत धरल्यावर बाहेरच्या गावांचा विचार आपोआप मागे पडला. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये विंडस्केलला रिअ‍ॅक्टरला आग लागली तेव्हा कोणाला गाव सोडायला सांगितलं नव्हतं, पण साधारण ५०० चौरस किलोमीटरमधल्या गोठ्यांचं दूध काही आठवडे ओतून द्यावं लागलं होतं. म्हणजे धोका दुधातून घरात येतो हे तेव्हाच कळलं होतं, आणि तरीही तीस वर्षांनी तीच चूक परत झाली, त्याच्याकडे पुढे येतोच.

आता १० मैल, म्हणजे साधारण १६ किलोमीटर. हा आकडा १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत दोन सरकारी संस्थांच्या संयुक्त गटाने कागदावर आणला. त्यासोबत ५० मैलांचं दुसरं वर्तुळ होतं, ते दूध, पाणी, भाजीपाला यांच्या तपासणीसाठी. पुढचे सगळे वाद या कागदाच्या अर्ध्या वाचनातून निघाले आहेत असं माझं मत आहे, म्हणून त्यात काय म्हटलं होतं ते नीट बघायला हवं. १० मैलांच्या पुढे धोका नाही असं त्यात कुठेही नव्हतं. युक्तिवाद असा होता की बहुतेक अपघातांमध्ये गाव रिकामं करावं लागेल एवढा रेडिएशनचा डोस या अंतरापलीकडे जाणार नाही, अगदी वाईट अपघातातही लगेच जिवावर बेतेल असा डोस सहसा याच्या आतच राहील, आणि मुख्य म्हणजे १० मैलांत नीट तयारी असेल तर गरज पडल्यावर तीच यंत्रणा बाहेरच्या बाजूला वाढवता येईल. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा होता आणि तोच सगळे विसरले. वाढवता येईल म्हणजे कोणी, कोणत्या गाड्या घेऊन, कोणत्या रस्त्याने, हे कोणी लिहून ठेवलं नाही. प्लांटवाल्या कंपन्यांनी १० मैल म्हणजे जबाबदारीची हद्द असं धरलं, विरोध करणाऱ्यांनी १० मैल म्हणजे सरकारने सांगितलेली सुरक्षित रेघ असं धरलं, आणि दोघांनी पुढची चाळीस वर्षं त्या रेघेवर घालवली.

त्या कागदाची शाई वाळते ना वाळते तोच, २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड या अणुवीज प्लांटचा अपघात झाला. तिथल्या जिल्ह्यांकडे जे प्लॅन होते ते ५ मैलांचे, तेही कच्चे. दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, चिमणीच्या वर उडणाऱ्या हेलिकॉप्टरने घेतलेलं १२०० मिलिरेमचं (मिलिरेम हे रेडिएशनच्या डोसचं माप) रीडिंग अणुनियामक संस्थेच्या मुख्य ऑफिसात प्लांटबाहेरचं रीडिंग म्हणून वाचलं गेलं आणि तिथून लोकांना बाहेर काढायचा सल्ला निघाला, मग तो मागे, मग दुपारी फक्त ५ मैलांतल्या गरोदर बायका आणि शाळेत न जाणारी लहान मुलं यांनी निघावं असं जाहीर झालं. ही माणसं मोजली तर साडेतीन हजारांच्या घरात. प्रत्यक्षात निघाले १ लाख ४४ हजारांच्या आसपास. यांना कोणी निघा म्हटलं नव्हतं, पण शेजारच्या घरातल्या गरोदर बाईला जायला सांगितल्यावर आपण मुलाबाळांना घेऊन घरात बसून राहू का? हे साधं माणसासारखं वागणं आहे, घबराट वगैरे म्हणून त्याची हेटाळणी करणं मला पटत नाही. आयोडीनचा तर साठाच नव्हता, एका औषध कंपनीकडून घाईघाईने थेंबांच्या बाटल्या बनवून घेतल्या, पहिली खेप रविवारी पोचली, आणि शेवटी त्या वाटल्याच नाहीत.

यानंतर नियम झाले. १९८० पासून अमेरिकेत प्लांटबाहेरचा प्लॅन मंजूर असल्याशिवाय लायसन्स मिळेना, १५ मिनिटांत लोकांना इशारा देता येईल असे सायरन, ठरावीक काळाने मोठी ड्रिल, आणीबाणीच्या चार पायऱ्या, हे सगळं त्या वेळचं. बाकीच्या बऱ्याच देशांनी हाच साचा थोड्याफार फरकाने उचलला, भारतातला १६ किलोमीटरचा आकडाही त्याच अंतराचा आहे.

पण नियमांनी एक गोष्ट नकळत केली, स्थानिक प्रशासनाच्या हातात अडवायची ताकद दिली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरच्या शोरहॅम प्लांटचं प्रकरण म्हणजे हेच, आणि मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि बाहेर पडायचे रस्ते न्यूयॉर्क शहराच्या दिशेने. १९८३ मध्ये तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, ठराव केला की इथून लोकांना सुरक्षित बाहेर काढणं शक्यच नाही, त्यामुळे आम्ही प्लॅन करणार नाही, आणि राज्याचे गव्हर्नर त्यांच्या मागे उभे राहिले. कंपनीने मग स्वतःचाच प्लॅन बनवला, चौकात ट्रॅफिकला कंपनीचे कर्मचारी उभे राहतील म्हणाली, तर कोर्टाने सांगितलं की पोलिसांचं काम करायचा तुम्हाला अधिकार नाही. सुनावण्यांमध्ये जे प्रश्न आले ते याआधी कोणी एवढ्या गंभीरपणे विचारलेच नव्हते. लोकांना थेट विचारलं गेलं की सायरन वाजला तर काय कराल, आणि १० मैलांच्या बाहेरचेही मोठ्या संख्येने निघणार आणि रस्ते आतल्यांच्या आधी भरणार असं दिसलं. शाळेच्या बसड्रायव्हरना विचारलं, अग्निशमनच्या स्वयंसेवकांना विचारलं, की तुमची स्वतःची मुलं घरी असताना तुम्ही आधी ड्यूटीवर जाल का. बऱ्याच जणांनी आधी घरी जाऊ असं सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की सर्व्हेत लोक असं बोलतात, प्रत्यक्ष संकटात माणसं कामावर येतात, आणि इतर आपत्त्यांचा अनुभव बघितला तर त्यातही तथ्य आहे. पण एखादा ड्रायव्हर घरच्यांची सोय लागल्यावर दोन तासांनी आला तर ती बस दोन तास उशिरा निघते, हे कोणत्याच बाजूने खोडलं नाही.

शेवट काय झाला तर केंद्राने नियम वळवला, खऱ्या संकटात राज्य आणि काउंटी आपापलं काम करतीलच असं गृहीत धरून कंपनीचा प्लॅन तपासायचा, आणि १९८९ मध्ये लायसन्स दिलं. तोवर साधारण ६०० कोटी डॉलर्स खर्च झालेला प्लांट त्याच वर्षीच्या समझोत्यात १ डॉलरला राज्याच्या यंत्रणेकडे द्यायचं ठरलं, त्याने व्यापारी वीज कधी दिलीच नाही, आणि खर्चाचा मोठा भाग वीजबिलांतून लोकांनीच भरला. अमेरिकेतल्याच सीब्रूक प्लांटलाही जवळपास तसंच भांडण झालं, उन्हाळ्यात बीचवर आलेल्या गर्दीला कसं काढणार यावरून, तिथे मात्र १९९० मध्ये प्लांट चालू झाला. तेव्हापासून शोरहॅमकडे अणुविरोधकांचा विजय नाहीतर अडवणुकीचा नमुना म्हणून बघतात, आणि तिथले बसड्रायव्हरचे प्रश्न मात्र फाइलीत राहिले.

चेर्नोबिलबद्दल खूप लिहिलं गेलंय म्हणून थोडक्यात. अपघात २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे, प्लांटशेजारचं प्रीप्यात शहर रिकामं केलं २७ च्या दुपारी, हजाराहून जास्त बस आणून साधारण ४९ हजार लोक काही तासांत काढले, तीन दिवसांत परत याल असं सांगून. काढणं वेगाने झालं, सांगणं उशिरा झालं. आणि खेड्यांमध्ये दूध वेळेत थांबवलं नाही, तेच विंडस्केलचं दूध, त्यातून मुलांमध्ये थायरॉईड कॅन्सरच्या हजारो केसेस झाल्या. पोलंडने मात्र तीनेक दिवसांत १ कोटीहून जास्त मुलांना आयोडीन दिलं. हे करता येतं याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही.

फुकुशिमात २०११ पर्यंत प्लॅन होता तो ८ ते १० किलोमीटरचा. ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी आल्यावर त्या रात्री लोकांना काढायचं वर्तुळ आधी २, मग ३ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पहाटे १०, संध्याकाळी २०, आणि १५ तारखेला २० ते ३० मध्ये घरातच थांबा. म्हणजे लोक एका ठिकाणी जाऊन टेकतात तोच ते ठिकाणही वर्तुळात. संकट हाताळायचं केंद्र प्लांटपासून ५ किलोमीटरवर बांधलं होतं, त्याला हवेचे फिल्टर नव्हते, फोन बंद, ते चार दिवसांत सोडावं लागलं. ढग कुठे जाईल ते सांगणारी कॉम्प्युटर यंत्रणा होती, पण रिअ‍ॅक्टरमधून किती बाहेर पडतंय याचा आकडाच नसल्याने तिचे निकाल भरवशाचे नाहीत म्हणून बाजूला ठेवले, आणि नामिए गावातले हजारो लोक वायव्येकडच्या डोंगरातल्या भागात जाऊन राहिले जिकडे नंतर ढग गेला. वर्तुळ गोल असतं, वारा गोल वाहत नाही, हे त्या आठवड्यात नकाशावर उमटलं. इइताते हे गाव ३० किलोमीटरच्याही बाहेर, त्याला निघायचा आदेश एप्रिल उजाडल्यावर मिळाला.

पण माझ्या लेखी फुकुशिमाचा खरा धडा ओकुमातल्या एका रुग्णालयात आहे. प्लांटपासून साडेचार किलोमीटरवर, बरेच म्हातारे, अंथरुणाला खिळलेले पेशंट. चालू शकणारे दोनशेच्या आसपास १२ तारखेला बसने गेले. उरलेले, शेजारच्या वृद्धाश्रमातल्यांसह, मागे राहिले. १४ ला त्यांना साध्या बसमध्ये बसवलं, जे बसूच शकत नव्हते त्यांनाही, आधी रेडिएशन तपासणीसाठी उत्तरेला, मग २० किलोमीटरचं वर्तुळ टाळून लांबच्या लांब वळसा घालून एका शाळेत, दहा तासांच्या आसपास प्रवास, सोबत डॉक्टर नाही, शाळेत जिमच्या फरशीवर झोपवलेलं. महिनाअखेरीपर्यंत ५० च्या आसपास लोक दगावले. रेडिएशनने यातला एकही नाही. पुढे जवळच्याच मिनामिसोमा शहरातल्या वृद्धाश्रमांच्या अभ्यासात स्थलांतरानंतर मृत्यूचं प्रमाण २.७ पट दिसलं, आणि संस्थेसंस्थेत मोठा फरक होता, म्हणजे हलवलं कसं आणि पुढे काळजी कशी घेतली यावर बरंच अवलंबून होतं. फुकुशिमा प्रांतात त्सुनामी-भूकंपाने थेट नाही तर नंतरच्या हालांनी गेलेल्यांची सरकारी नोंद २३०० च्या वर आहे.

आणि अमेरिकेने १६ मार्चला जपानमधल्या आपल्या नागरिकांना ५० मैल लांब जायला सांगितलं. स्वतःच्या देशात १० मैल आणि दुसऱ्याच्या देशात ५० हा प्रश्न अमेरिकेत लगेच उठला, वर्तुळ २५ मैलांचं करा अशी मागणी २०१२ मध्ये झाली, २०१४ मध्ये ती फेटाळली, कारण दिलं तेच जुनं, १० मैलांची तयारी वाढवता येते. २०२३ मध्ये छोट्या रिअ‍ॅक्टरसाठी तर डोसचं गणित बसलं तर वर्तुळ प्लांटच्या कुंपणापर्यंत आणायची वाट मोकळी केली. जर्मनीने उलट दिशेने जाऊन २० आणि १०० किलोमीटर केलं. जपानने ५ किलोमीटरच्या आत रीडिंगची वाट न बघता निघायचं आणि ३० पर्यंत आधी घरात थांबायचं असं ठरवलं.

त्यावर दोन गोष्टी अलीकडे झाल्या. मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या मितोच्या कोर्टाने तोकाईचा दुसरा प्लांट चालवायला मनाई केली, रिअ‍ॅक्टरमध्ये दोष आहे म्हणून नाही, तर ३० किलोमीटरमधल्या ९ लाखांहून जास्त लोकांना काढायचा अंमलात येण्यासारखा प्लॅन नाही म्हणून. १४ पैकी ५ च गावा-शहरांकडे प्लॅन तयार होता. आणि १ जानेवारी २०२४ ला जपानमध्येच नोतोचा भूकंप झाला. तिथला शिका प्लांट आधीपासून बंद होता म्हणून निभावलं, पण त्याच्या आसपासचे रस्ते खचले, गावं तुटली, रेडिएशन मोजणारी काही केंद्रं आकडे पाठवेनाशी झाली, आणि ज्या घरांत थांबायचं ती घरंच पडली. नंतर बसलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०२५ मध्ये सांगितलं की घरात थांबण्याचा अंदाज तीन दिवसांचा धरा. घरच उभं नसेल तर काय, याचं उत्तर भूकंपासाठीच्या निवाऱ्यांवर, म्हणजे पुन्हा त्या त्या गावाच्या पालिकेवर सोडलं आहे.