प्रकल्पाच्या डोमेनवरचे ईमेल एलियस : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

ओपन सोर्स प्रकल्पाच्या डोमेनवर एलियस काढायला पाच मिनिटं लागतात. खरं काम पुढे असतं, ते सांभाळण्याचं. एलियस म्हणजे मेलबॉक्स नव्हे. तिथे काहीच साठत नाही, आलेला मेल सर्व्हर पुढच्या पत्त्यावर पाठवून मोकळा होतो. तो पुढचा पत्ता बंद पडला तर प्रकल्पात कुणाला पत्ताही लागत नाही. नाशिकच्या विद्यार्थी-प्रकल्पांत हे नेहमी घडतं. मुलं पास होऊन पुण्याला नोकरीला जातात, कॉलेजचा मेलबॉक्स बंद होतो आणि एलियस मात्र तिकडेच बोट दाखवत राहतो. म्हणून पुढचा पत्ता कॉलेजचा किंवा कंपनीचा नको, स्वतःचा द्या.

पोस्टमास्टर, अब्यूज आणि सिक्युरिटी हे तीन पत्ते हवेतच. १९९७ च्या आरएफसी २१४२ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात ही नावं ठरलेली आहेत आणि त्रुटी सापडलेला माणूस आधी तिथेच लिहितो. सिक्युरिटीमागे किमान दोघे ठेवा. हा मेल सार्वजनिक इश्यू ट्रॅकरला (तक्रारी-त्रुटींच्या उघड यादीला) जोडू नका, नाहीतर दुरुस्तीआधीच त्रुटी जगजाहीर होते.

कॅच-ऑल, म्हणजे डोमेनवर कुठल्याही नावाने आलेला मेल घेणारा पत्ता, मागू नका. कुठल्याही नावाने आलेला स्पॅम आपला सर्व्हर जीमेलकडे ढकलतो आणि बदनाम आपलाच आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) होतो.

सर्वात जास्त तक्रारी फॉरवर्डिंगच्या येतात. पाठवणाऱ्याच्या एसपीएफ नोंदीत (त्याच्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीत) आपल्या सर्व्हरचा आयपी नसतो, त्यामुळे पुढे पाठवलेला मेल त्या तपासणीत नापास होतो. उपाय एसआरएस. त्यात पाकिटावरचा, म्हणजे फक्त सर्व्हर वापरतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा होतो आणि एसपीएफ पास होतं. पण डीमार्क या पुढच्या तपासणीला वाचणाऱ्याला दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी जुळणारं डोमेन लागतं, तिथे एसआरएस कामी येत नाही. तिथे मूळ डीकिम सहीच (पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल सही) वाचवते, आणि ती मजकूर जसाच्या तसा राहिला तरच टिकते. विषयात प्रकल्पाचं नाव जोडलं किंवा खाली तळटीप चिकटवली की सही मोडलीच समजा. आपल्या डोमेनची एसपीएफ नोंद एकच ठेवा. दोन असल्या तर दोन्ही निकामी होतात. एका नोंदीत डीएनएस चौकशा (दुसऱ्या डोमेनच्या नोंदी शोधायला लावणं) दहापेक्षा जास्त चालत नाहीत.

स्वतःचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर व्हर्च्युअल या एलियसच्या फाइलमध्ये एका ओळीत डावीकडे एलियस, उजवीकडे स्वल्पविरामाने वेगळे केलेले पत्ते लिहा. ही फाइल हॅश टेबल म्हणून वापरली जात असेल तर मग तिचं टेबल बनवणारा पोस्टमॅप चालवायलाच हवा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. तेच डोमेन मायडेस्टिनेशन या स्थानिक डोमेनच्या यादीतही असेल तर सर्व्हर ते स्थानिक समजतो. मग एलियस नसलेल्या, पण सर्व्हरवर खातं असलेल्या नावांचा मेलही तिथे स्वीकारला जातो.

चाचणी दुसऱ्याच खात्यावरून करा. स्वतःच्या जीमेलवरून स्वतःकडेच येणाऱ्या एलियसला मेल केला तर जीमेल तो आधीच 'सेंट'मध्ये आहे म्हणून इनबॉक्समध्ये दाखवत नाही, आणि चालू असलेला एलियस बंद वाटतो.

सोडून गेलेल्या सदस्याचा एलियस दुसऱ्याला कधीही देऊ नका. त्या पत्त्यावर उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड रीसेट नव्या माणसाकडे जातील. आम्ही तो बंद करतो आणि नाव राखून ठेवतो.

एलियसची यादी खासगी रिपॉझिटरीत ठेवा, तिच्यात लोकांचे वैयक्तिक पत्ते असतात. रजिस्ट्रारच्या (डोमेन जिथे नोंदवलं त्या कंपनीच्या) खात्याला त्याच डोमेनवरचा पत्ता लावू नका. डोमेनची मुदत संपून मेल बंद झाला की पासवर्ड रीसेटही मिळत नाही. बदल कळवताना एलियस, जुना पत्ता, नवा पत्ता आणि दोन देखभालकर्त्यांची संमती एकाच मेलमध्ये पाठवा.