पीपीएफवर कर्ज घेतलंय? हप्ता आपणच ठरवा

पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यावर कर्ज सहज मिळतं. जामीनदार लागत नाही, काही गहाण ठेवावं लागत नाही आणि व्याज अवघं १ टक्का. दर महिन्याचा ठरलेला हप्ताही नसतो. खरी अडचण इथेच येते. मागे कोणाचा तगादा नाही म्हटल्यावर परतफेड 'पुढच्या महिन्यात बघू' यावर जाते आणि तिसरं वर्ष संपत आलं की मोठी रक्कम एकदम उभी करायची वेळ येते.

नियम थोडक्यात

कर्ज खात्याच्या तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात मिळतं. अर्जाच्या वर्षाआधीच्या दुसऱ्या वर्षअखेरीस जी शिल्लक होती, तिच्या २५ टक्क्यांपर्यंत. मुद्दल ३६ महिन्यांत फेडायचं, त्यानंतर व्याज जास्तीत जास्त दोन हप्त्यांत. पहिलं कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय दुसरं मिळत नाही.

प्रत्यक्षात किती पडतं?

समजा, खातं २०२२-२३ मध्ये उघडलं आणि ३१ मार्च २०२४ ला शिल्लक २,८८,००० रुपये होती. जून २०२५ मध्ये ७२,००० रुपये कर्ज घेतलं. मुदत १ जुलै २०२५ पासून ३० जून २०२८ पर्यंत.

पूर्ण तीन वर्षं घेतली तर व्याज २,१६० रुपये. हे व्याज मूळ मुद्दलावर, शेवटचा हप्ता भरेपर्यंतच्या काळासाठी लागतं. म्हणजे दीड वर्षात कर्ज मिटवलं तर ते निम्म्यावर येतं. पण १ टक्का हा पूर्ण खर्च नव्हे. काढलेल्या रकमेवर पीपीएफचं व्याज मिळत नाही. हा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला. त्या हिशेबाने ७२,००० रुपये वर्षभर बाहेर राहिले तर सुमारे ५,१०० रुपयांचं व्याज बुडतं, आणि ते तुमच्या म्हातारपणाच्या पुंजीतून जातं.

मुदत चुकली तर राहिलेल्या रकमेवर १ ऐवजी ६ टक्के व्याज लागतं, तेही अगदी सुरुवातीपासून. २४,००० रुपये राहिले असतील तर पहिल्या तीन वर्षांचं त्यावरचं व्याज ७२० ऐवजी ४,३२० रुपये होतं.

ओझं कसं वाटून घ्यायचं?

३६ ने भागून महिना २,००० काढण्यापेक्षा घरात पैसा कधी येतो ते आधी बघा. वरच्या उदाहरणात महिना १,५०० आणि तिन्ही दिवाळीच्या बोनसमधून ६,००० भरले, तरी ७२,००० पुरे होतात. मुलांच्या फीचा जूनचा महिना जड जाणार हे ठाऊक असेल, तर एप्रिल-मेमध्ये थोडं जास्त भरून ठेवा. पगार १ तारखेला होत असेल तर ५ तारखेच्या आत भरा, कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर व्याज धरतात.

पैसे भरताना स्लिपवर 'कर्ज परतफेड' असं ठळक लिहा आणि पासबुकात नोंद तपासा. नाहीतर रक्कम नेहमीचा भरणा म्हणून जमा होऊ शकते आणि कर्ज तसंच उभं राहतं. ऑनलाइन भरणाऱ्यांनी आधी शाखेत विचारून घ्यावं. या परतफेडीवर गुंतवणुकीसाठीची प्राप्तिकर सवलत मिळत नाही.

वर्षाचा किमान ५०० रुपयांचा भरणा मात्र चुकवू नका, नाहीतर खातं खंडित होतं. फारच ओढाताण असेल तर त्या वर्षी भरणा किमान ठेवून उरलेले पैसे कर्जाकडे वळवा, असं आमचं मत आहे.

तरीही जमलं नाही तर?

सातव्या वर्षापासून ठरावीक मर्यादेपर्यंत अंशतः रक्कम काढता येते. थकलेलं कर्ज त्या मर्यादेतून वजा होतं. वरच्या उदाहरणात ही सोय १ एप्रिल २०२८ पासून, म्हणजे मुदतीच्या तीन महिने आधी सुरू होते. त्यातून उरलेलं कर्ज मिटवून ६ टक्के टाळता येतात. मात्र काढलेली रक्कम पुंजीतून कायमची कमी होते, म्हणून हा मार्ग शेवटचाच ठेवा.

पुष्कळ जण 'पीएफवरचं लोन' असंही विचारतात. ईपीएफमधून (नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीतून) मिळणारा अग्रिम परत करावा लागत नाही. त्याचे नियम वेगळे आहेत.

कर्ज चालू असेल तर पासबुक आणि मंजुरीचा कागद घेऊन आमच्या कार्यालयात या. तुमच्या तारखांप्रमाणे हप्त्यांचा तक्ता करून देऊ.