मध, मधु आणि मीड : ग्राहकांसाठी माहिती

गेल्या पावसाळ्यात दादरच्या आमच्या दुकानात एक काकू मधाची बाटली घेऊन आल्या. झाकण फिरवताच फस्स आवाज आला. आत काचेला फेसाची कड धरली होती आणि वास आंबूस होता. "नातू म्हणतो याची मीड झाली. मला गाण्यातली मींड ठाऊक, ही कुठली?" असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून बरेच जण हेच विचारतात, म्हणून हे पत्रक.

मीड म्हणजे मधात पाणी घालून, आंबवून केलेलं मद्य. शब्द इंग्रजी असला तरी आपल्या 'मधु'चा सख्खा नातेवाईक आहे. रशियनमध्ये मधाला 'म्योद' म्हणतात, आणि जुन्या ग्रीकमधल्या 'मेथु'चा अर्थ होतो द्राक्षाची दारू. संस्कृतातही मधु म्हणजे मध आणि मादक पेयही. नवरात्रात सप्तशती वाचणाऱ्यांना आठवेल, माझं मधु पिऊन होईतो गर्जून घे, असं देवी महिषासुराला बजावते. ते मधु मादक पेय आहे. लग्नातल्या मधुपर्कात मात्र दह्यासोबत असतो तो साधा मधच. 'मद्य' हा शब्द मधापासून आला असं अनेकांना वाटतं, पण तो 'मद्' धातूपासून आला आहे. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार आहेत: गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी. ही माध्वी कोणी मधाची मानतात, कोणी मोहाच्या फुलांची.

मराठीत आपण 'मध' एवढंच ठेवलं आणि नशेचा अर्थ मधुशाला, मधुपान अशा शब्दांकडे गेला. हे आम्हाला फार सोयीचं वाटतं. आमच्या लेबलवर 'मध' छापलंय, तेव्हा आत मधच आहे.

मग काकूंच्या बाटलीत काय झालं होतं? मधात यीस्ट मुळातच असतं, पण पाणी इतकं कमी की त्याला वाढता येत नाही. सरकारी मानकानुसार मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त नसावं. मध हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबईच्या जुलैत झाकण सैल राहिलं किंवा ओला चमचा बुडवला की वरचा थर पातळ होतो आणि यीस्ट कामाला लागतं. याला मीड म्हणू नये, हा बिघडलेला मध. मीड करणारे पाणी मोजून घालतात, निवडलेलं यीस्ट वापरतात आणि आठवडे, महिने थांबतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे, म्हणून कृपा करून घरी प्रयोग करू नका.

चमचा कोरडा हवा, झाकण घट्ट हवं. बाटली ओट्यावर गॅसजवळ ठेवू नका. थंडीत मध थिजून दाणेदार झाला तर घाबरू नका, तो खराब नसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा. फसफसलेला मध पंचामृतात घालू नका, मुलांना देऊ नका. बाटली तशीच दुकानात घेऊन या. काकूंना दिली तशी बदलून देऊ.