विकायच्या घराचे स्वयंपाकघर पांढरेच हवे का?

घर विकायला काढले की स्वयंपाकघराला पांढराशुभ्र रंग द्यावा, म्हणजे जागा मोठी दिसते आणि भाव चढतो, हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. फिकट रंग अधिक प्रकाश परावर्तित करतात, एवढे बरोबर. मात्र पांढराच का? रोजच्या फोडणीची वाफ आणि तेलाचे सूक्ष्म कण ज्या भिंतीवर बसतात, तिथे शुभ्र रंगावरचा पिवळट थर सर्वांत आधी नजरेत भरतो, आणि ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या प्रकाशाच्या दिव्याखाली तोच पांढरा रंग निळसर, दवाखान्यासारखा भासतो. सायीसारखा किंवा फिकट बदामी रंग तिथे अधिक निभावतो. त्यातही रंगछटेपेक्षा रंगाचा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण साधे डिस्टेंपर ओल्या फडक्याने वारंवार पुसले की उतरते, तर धुता येणारे इमल्शन टिकते. शिवाय अनेक फ्लॅटमध्ये ओट्यामागे बऱ्याच उंचीपर्यंत फरशा असतात. रंगवायला उरते ती थोडीशीच भिंत, तेव्हा छटा फरशीशी जुळवूनच निवडावी. ओल मात्र कोणताही रंग झाकत नाही. गळती न थांबवता रंगवलेल्या भिंतीला पावसाळ्यात पोपडे येतात, आणि एकाच भिंतीचा ताजा रंग पाहून जाणता ग्राहक नळजोडणीबद्दलच आधी विचारतो.